पांडवांची घरे, रोमचे नाणे आणि नागपूरचे घोडे

म्हैसूर जिल्ह्यातल्या बेट्टदपुराची ओळख सांगायची तर डोंगरावरच्या सिडिलु मल्लिकार्जुनाच्या देवळाची सांगतात. तिथून पश्चिमेला निघाले की फार न जाता कोडगूची हद्द लागते. या कोडगूच्या माळांवर आणि रानांत दगडाच्या अवजड पेट्या आहेत. चार बाजूंना उभ्या रोवलेल्या चार शिळा, वर झाकणासारखी टाकलेली एक मोठी शिळा, आणि पुष्कळदा एका उभ्या शिळेला पाडलेले गोल भोक. लोक त्यांचा संबंध पांडवांशी लावतात. वनवासात पांडव इथून गेले, मुक्कामाला त्यांनी ही घरे बांधली, असे सांगतात. रेव्हरंड रिख्टर यांनी १८७० साली प्रसिद्ध केलेल्या कोडगूच्या माहितीग्रंथातही या पेट्यांची दखल घेतलेली आहे.

उत्तर कर्नाटकात, कोप्पळ जिल्ह्यातल्या हिरेबेणकलच्या डोंगरावर अशी बांधकामे शेकड्यांनी उभी आहेत. तिथे पांडवांची जागा 'मोरियर' नावाच्या बुटक्या माणसांनी घेतली आहे. आकाशातून आगीचा पाऊस पडणार हे कळल्यावर त्यांनी दगडाची घरे बांधली, तरी ती वाचली नाहीत, अशी कथा आहे. हिरेबेणकलचे नाव २०२१ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेले. आपल्याकडे नागपूरच्या आसपास शेतांत आणि पडीक जमिनींवर मोठ्या दगडांची वर्तुळे दिसतात. ती लोक गवळ्यांच्या जुन्या राज्याशी जोडत आले.

पांडव, बुटके, गवळी या तिन्ही कथांमध्ये बांधणारे लोक आपल्यातले नाहीत, ते कुठून तरी आले आणि निघून गेले. गंमत अशी की खेडुतांच्या या समजुतीला हसणाऱ्या विद्वानांनीही पुढची शंभर वर्षे जवळजवळ हेच सांगितले. फक्त पांडवांच्या जागी त्यांनी मध्य आशियातले भटके शिथियन घातले.

ही सगळी थडगी आहेत. कोडगूच्या पेट्या, हिरेबेणकलचे शिळामंडप आणि नागपूरची वर्तुळे एकाच व्यापक प्रथेची वेगवेगळी रूपे आहेत. अभ्यासक तिला महापाषाणीय किंवा बृहदश्मयुगीन संस्कृती म्हणतात. तिचा काळ स्थूलमानाने ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकाचा, म्हणजे दक्षिणेतल्या लोहयुगाचा. रोमची जहाजे भारताच्या किनाऱ्याला लागण्याच्या कितीतरी आधीचा. पण हे 'कितीतरी आधी' मान्य व्हायला विसावे शतक निम्मे उलटावे लागले, आणि ते मान्य झाल्यावर थडग्यांत ठेवलेल्या प्रत्येक वस्तूचा अर्थ नव्याने लावावा लागला.

तुटलेली डोकी

सुरुवात मेडोज टेलरपासून करायला हवी. 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' या कादंबरीचा लेखक म्हणून त्याचे नाव मराठी वाचकाला ठाऊक असते. निजामाच्या नोकरीतला हा अधिकारी सुरपूर संस्थानाचा कारभार पाहत होता. १८५० च्या सुमारास त्याने भीमेकाठच्या जेवर्गी आणि आसपासच्या गावांतली दगडी थडगी उघडली. त्याने काढलेल्या उभ्या छेदांच्या आकृत्यांत कुठला थर कुठे, सांगाडा किती खोल, दगड कसे रचले, हे सारे दिसते. शंभर वर्षांनी मॉर्टिमर व्हीलरसारख्या शिस्तीच्या उत्खननकारानेही त्यांची तारीफ केली. त्या काळी भारतात असे काम कोणी करत नव्हते.

निष्कर्ष मात्र टेलरने आपल्या काळाचाच काढला. आपल्या एका लेखाच्या मथळ्यातच त्याने या अवशेषांना शिथियन आणि ड्रुइड ठरवून टाकले. काही थडग्यांत त्याला धडापासून वेगळी पडलेली डोकी मिळाली, आणि त्याने तर्क केला की हा नरबळी असणार. मालकाबरोबर त्याची माणसे मारून पुरली असतील. युरोपातल्या ड्रुइड पुरोहितांच्या कहाण्या डोक्यात असलेल्या माणसाला हा तर्क अगदी स्वाभाविक वाटला असेल.

आज त्याच पुराव्याकडे निराळ्या नजरेने पाहिले जाते. दक्षिणेतल्या अनेक थडग्यांत पूर्ण सांगाडा नसतोच. कवटी, हातापायांची लांब हाडे, तीही कधी दोन-तीन माणसांची एकत्र, एवढेच असते. प्रेत आधी दुसरीकडे ठेवायचे किंवा पुरायचे, आणि काही काळाने निवडक हाडे गोळा करून थडग्यात आणायची, अशी ही दोन टप्प्यांची रीत होती. व्हीलरला १९४७ साली चित्रदुर्ग जिल्ह्यातल्या ब्रह्मगिरीला दगडी पेट्यांच्या शेजारी काही खड्ड्यांची वर्तुळे मिळाली, त्यांत हाडेच नव्हती. ही प्रेत ठेवण्याची पहिली जागा असावी, असा त्याने अंदाज केला. मणिमेखलै या तमिळ महाकाव्यात तर मृतांची व्यवस्था लावण्याच्या पाच तऱ्हा एका दमात येतात: जाळणे, उघड्यावर टाकणे, खड्ड्यात पुरणे, दगडी कोठीत ठेवणे, रांजणात ठेवून झाकणे. दहन झाल्यावर अस्थी वेचून त्या वेगळ्या जागी नेणाऱ्या समाजाला यात चमत्कारिक वाटण्यासारखे काही नाही. डोके वेगळे मिळाले म्हणजे ते कापले होते, हे गृहीतच चुकीचे होते.

शिळेला पाडलेल्या भोकाचेही तसेच. आत्म्याला ये-जा करायला वाट ठेवली, असे पुष्कळ पुस्तकांत लिहिलेले असते, आणि श्रद्धा तशी असूही शकेल. पण थडग्यात पुन्हा पुन्हा हाडे ठेवायची असतील तर वरची काही टन वजनाची शिळा दर वेळी कोण हलवणार? ज्या पेटीला दार आहे ती एका माणसाची नसून एका घराण्याची असू शकते, हा त्यातला महत्त्वाचा मुद्दा आहे.

टाकळघाटचा नाला

नागपूरच्या वर्तुळांकडे शास्त्रीय कुतूहलाने पाहणारा पहिला मोठा माणूस म्हणजे स्टीफन हिस्लॉप. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे तेच. धर्मप्रचारासाठी १८४५ साली नागपुरात आलेल्या या स्कॉटिश मिशनऱ्याने इथल्या खडकांचा, जीवाश्मांचा आणि आदिवासींच्या भाषांचा अभ्यास केला. हिस्लोपाइट नावाचे खनिज त्याच्या आठवणीत आहे. सप्टेंबर १८६३ मध्ये तो मध्य प्रांताचे प्रमुख रिचर्ड टेंपल यांच्याबरोबर नागपूरच्या दक्षिणेला टाकळघाटची शिळावर्तुळे पाहायला गेला. टेंपल पुढे गेले. हिस्लॉप एका शाळेची तपासणी करायला मागे राहिला आणि अंधार पडल्यावर घोड्यावरून बोरीच्या छावणीकडे निघाला. वाटेतल्या नाल्याला पावसाचे पाणी चढले होते. ४ सप्टेंबरच्या त्या रात्री तो बुडाला. त्याचे आदिवासींवरचे टिपण टेंपल यांनी १८६६ साली संपादित करून छापले, वर्तुळांचे काम मात्र अर्धेच राहिले.

ते पुढे नेले जॉन हेन्री रिव्हेट-कार्नाक याने. हा कापूस खात्याचा आयुक्त. वऱ्हाड-नागपूरच्या कापसाचा हिशेब ठेवता ठेवता त्याने काटोल रस्त्यावरच्या जुनापाणीची वर्तुळे खणली आणि १८७९ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांच्यावर लिहिले. जुनापाणीला अशी सुमारे ३०० वर्तुळे आहेत. काळ्या बेसाल्टचे मोठे धोंडे गोलाकार मांडलेले, आत माती आणि दगडगोट्यांची भर, आणि तिच्याखाली दफन. काहींचा व्यास वीस मीटरच्या पुढे जातो. त्याआधी मेजर जनरल पिअर्स याने कामठीच्या लष्करी ठाण्यापासून मैलभरावर असलेल्या वारेगावचे एक मोठे वर्तुळ खणून १८६९ मध्ये लंडनच्या मानववंशशास्त्राच्या नियतकालिकात त्याचा वृत्तान्त दिला होता.

रिव्हेट-कार्नाकचे लक्ष वेधले ते धोंड्यांवरच्या वाटीएवढ्या खळग्यांनी. रांगेने कोरलेले हे खळगे त्याने कुमाऊँतही पाहिले होते, आणि स्कॉटलंडच्या शिळांवरच्या तशाच खुणांवर सर जेम्स सिम्प्सन यांचे पुस्तक त्याच्या वाचनात होते. नागपूरची वर्तुळे आणि ब्रिटनमधली टेकाडे एकाच वंशाच्या लोकांनी केली असतील, अशी कल्पना त्याला सुचली. साम्य दिसले की नाते जोडायचे, ही त्या पिढीची सवयच होती. खळग्यांचे कोडे आजही पुरते सुटलेले नाही. पण आता लोक वंशाऐवजी दिशा मोजतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले खगोलशास्त्रज्ञ मयंक वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनापाणीच्या वर्तुळांची मापे घेतली. खळगे असलेले धोंडे वर्तुळात वाटेल तिथे नसून मध्यापासून ठराविक दिशांनाच येतात, असे त्यांनी मांडले. दिशा नेमकी का धरली, हा प्रश्न पुढचा. तरीही वर्तुळ मांडणाऱ्याने आकाशाकडे बघून दगड ठेवले असतील, ही शक्यता 'धोंड्यांचे कुंपण' या जुन्या समजुतीपेक्षा कितीतरी श्रीमंत आहे.

रोमच्या तागडीत

आता तारखेचा प्रश्न. १९४५ मध्ये व्हीलरने पुदुच्चेरीजवळच्या अरिकामेडूला रोमन काळातली खापरे उकरली. इटलीतल्या खापरांच्या तारखा पक्क्या होत्या, त्यामुळे त्यांच्याबरोबर मिळालेल्या भारतीय खापरांनाही तारीख मिळाली. विशेषतः आतल्या बाजूला चक्राने उमटवलेली नक्षी असलेल्या थाळ्यांना. दक्षिण भारताच्या पुरातत्त्वाला तेव्हा पहिल्यांदाच एक खुंटी मिळाली. १९४७ मध्ये ब्रह्मगिरी आणि त्याच जिल्ह्यातल्या चंद्रवल्लीला त्याने तीच खुंटी वापरली. चंद्रवल्लीला रोमन सम्राट टायबेरियसचे चांदीचे नाणेही सापडले. त्यावरून त्याने वरून खाली हिशेब केला. रोमशी समकालीन थर इसवी सनाच्या पहिल्या शतकातला, त्याच्या खालचा महापाषाणीय थर म्हणून ख्रिस्तपूर्व २०० ते इसवी सन ५० च्या आसपासचा.

त्या वेळच्या साधनांनी हे उत्तम काम होते, त्याबद्दल व्हीलरला दोष देण्यात अर्थ नाही. पण परिणाम मोठा झाला. थडगी ख्रिस्तपूर्व २०० ची म्हटल्यावर त्यांतले लोखंड उशिराचे ठरले. उशिराचे म्हणून बाहेरून आलेले ठरले. मौर्यांच्या साम्राज्याबरोबर किंवा घोडेस्वारांच्या टोळीबरोबर ते दक्षिणेत उतरले असेल, असे गृहीत धरणे सोपे झाले. अमेरिकन संशोधक लॉरेन्स लेश्निक याने १९७१ मध्ये नागपूरकडच्या लगामाच्या कड्यांवर एक लेख लिहिला, आणि १९७४ च्या ग्रंथात ही सारी थडगी पशुपालक भटक्यांची मानून या प्रकाराला 'पांडुकल' असे नाव दिले. गवळ्यांची गावकथा इथे जर्मनीत छापलेल्या जाड ग्रंथातून परत आली म्हणायची.

रोमची तागडी बाजूला ठेवली ती कार्बन-१४ कालमापनाने. हावेरी जिल्ह्यातल्या तुंगभद्रेकाठच्या हळ्ळूरला एम. एस. नागराज राव यांनी १९६५ मध्ये उत्खनन केले. तिथल्या लोखंड असलेल्या थराची तारीख ख्रिस्तपूर्व १००० च्या आसपास गेली. विदर्भात टाकळघाट आणि नायकुंडच्या कोळशांनी ख्रिस्तपूर्व सातवे-सहावे शतक सांगितले. म्हणजे ही थडगी उभी राहत होती तेव्हा रोम टायबर नदीकाठचे एक लहानसे नगर होते, आणि मौर्य साम्राज्य जन्माला यायचे होते. कालरेषा ताणली गेली, त्याबरोबर वस्तूंचा क्रमही उलटा झाला. लोखंड बाहेरून आले, हे गृहीत धरायचे कारणच उरले नाही.

भांडी, कुऱ्हाडी आणि काळी-तांबडी खापरे

विदर्भाची थडगी आज आपल्याला एवढी बोलकी वाटतात, याचे मोठे श्रेय डॉ. शां. भा. देव यांना आहे. नागपूर विद्यापीठात असताना त्यांनी १९६८-६९ मध्ये टाकळघाट आणि खापा खणले. खाप्याला वर्तुळे होती आणि टाकळघाटला वस्ती. दोन्ही ठिकाणची खापरे जुळली. साधी वाटणारी ही गोष्ट फार मोलाची होती, कारण थडगी बांधणारे कुठे राहत होते याचा पुरावा तोवर विदर्भात जवळजवळ नव्हता. १९७० ते १९७२ मध्ये नागपूरच्या वायव्येला माहुरझरी, पुढे डेक्कन कॉलेजमधून डॉ. अरविंद जामखेडकर यांच्याबरोबर पेंचकाठचे नायकुंड, आणि मग भागीमोहारी अशी मालिका झाली. त्याआधी १९६१-६२ मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी जुनापाणीची काही वर्तुळे शास्त्रीय पद्धतीने उघडली होती.

या वस्त्यांत गोल झोपड्या होत्या, चोपलेली जमीन होती, खांबांची भोके होती, चुली होत्या. डेक्कन कॉलेजचे काजळे यांनी तिथल्या जळलेल्या दाण्यांतून तांदूळ, मसूर, वाटाणा ओळखले. ढोरे राखणारे होते, पण पेरणारेही होते. भटक्यांची कल्पना इथे पुरती ढासळली, आणि माझ्या मते तिच्याबरोबरच 'बाहेरून आलेल्या लढवय्यांची' कल्पनाही.

थडग्यांतल्या वस्तूंची यादी भरपूर आहे. आतून काळी आणि बाहेरून तांबडी, चकचकीत घासलेली भांडी. लोखंडाच्या कुऱ्हाडी, छिन्न्या, तासण्या, कट्यारी, बाणांची टोके, पळ्या, कढया, अगदी नखे काढण्याचे हत्यारसुद्धा. यातली कुऱ्हाड ही विदर्भाची खास. तिच्या बेचक्यावर लोखंडी पट्ट्या एकमेकींवर आडव्या-तिरप्या गुंडाळून दांडा घट्ट बसवलेला असतो. ही पद्धत विदर्भातल्या थडग्यांत वारंवार भेटते. तांब्याची झाकणे असतात आणि त्यांच्या मुठीवर कधी पक्षी बसवलेला असतो. सोन्याचे थोडे दागिने, आणि लाल अकीक मण्यांच्या माळा.

आधी या ढिगाकडे 'योद्ध्याचे सामान' म्हणून पाहिले जात असे. छिन्नी आणि तासणी हे सुताराचे सामान आहे, हे मोजायचे राहूनच जाई. यादीत लढाईच्या वस्तू आहेत, पण रान तोडण्याच्या, लाकूड घडवण्याच्या आणि स्वयंपाकाच्या वस्तू त्यांच्याहून कमी नाहीत. कुऱ्हाड शस्त्र आहे की अवजार, हे ती ठेवणाऱ्यालाही वेगळे सांगता आले असते का, कोण जाणे.

लोखंडाच्या पोटात

वस्तू फक्त बघून अर्थ लावण्याचे दिवस आता संपले आहेत. नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. वक्र विटांनी रचलेली लहान गोल भट्टी, हवा फुंकण्याच्या मातीच्या नळ्या आणि आजूबाजूला धातुमळी. डेक्कन कॉलेजचे वि. द. गोगटे यांनी तिचे विश्लेषण करून दाखवले की लोखंड इथेच, गावाजवळच तयार होत होते. म्हणजे थडग्यातली कुऱ्हाड लुटीची नव्हती, व्यापाऱ्याकडून घेतलेलीही नव्हती. तिच्या मागे खाण ओळखणारा, कोळसा पाडणारा, भाता ओढणारा आणि घण घालणारा, असे चार तरी हात होते.

माहुरझरीच्या एका छिन्नीची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी होऊन २०१० मध्ये 'करंट सायन्स'मध्ये तिच्यावर लेख आला. देशपांडे, मोहंती आणि शिंदे यांच्या त्या अभ्यासात छिन्नी पोलादाची निघाली. मऊ लोखंडात नेमका कार्बन मुरवून धार घट्ट करण्याची कला या लोकांना अवगत होती.

काशाची गोष्ट तर याहून नवलाची. दक्षिण कोरियाचे धातुशास्त्रज्ञ जांग-सिक पार्क आणि डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे यांनी विदर्भातल्या वस्तू तपासल्या तेव्हा काहींत कथिलाचे प्रमाण पाचव्या हिश्श्याहून जास्त आढळले. इतके कथिल घातले की कासे सोनेरी दिसते, घंटेसारखे वाजते, पण थंड झाल्यावर काचेसारखे फुटते. ते घडवायचे तर तापून लाल असतानाच ठोकावे लागते आणि मग पाण्यात एकदम बुडवावे लागते. एका ठराविक उष्णतेच्या पट्ट्यातच हे जमते, थोडे चुकले की भांडे तडकते. घड्याळ नाही, तापमापक नाही, केवळ धातूच्या रंगावरून कारागीर वेळ ओळखत होते. विदर्भापासून पूर्वेला बस्तरमध्ये कथिलाचे खनिज आहे आणि बालाघाटमध्ये मलाजखंडला तांब्याचे. कच्चा माल तिथूनच आला असे म्हणता येत नाही, पण या थडग्यांकडे बघताना नकाशाचा केंद्रबिंदू वायव्येकडून सरकून पूर्वेच्या जंगलांकडे नेऊन पाहावा, एवढे तरी नक्की.

माहुरझरीबद्दलही मत बदलले. आधी ते थडग्यांचे गाव होते. मोहंती आणि सहकाऱ्यांनी पुढे तिथे केलेल्या कामातून अर्धवट घडलेले, फुटलेले, भोक पाडायचे राहून गेलेले मणी मोठ्या संख्येने मिळाले. दख्खनच्या बेसाल्टमध्ये अकीक सहज मिळतो. इथे मण्यांचे कारखाने होते, आणि थडग्यातली माळ ही गावाचीच पैदास असू शकते.

घोडा कोणाचा

नागपूरच्या थडग्यांतली सर्वांत प्रसिद्ध वस्तू म्हणजे घोड्याचा साज. लोखंडी लगामाच्या कड्या, आणि तांब्याच्या पत्र्याचे घोड्याच्या तोंडावर बसणारे अलंकार, चामड्यावर शिवायचे असावेत असे. माहुरझरी आणि खाप्याला असा साज मिळाला, घोड्याची हाडेही मिळाली. ही चैन इतर प्रदेशांतल्या महापाषाणीय थडग्यांत इतक्या ठळकपणे दिसत नाही.

घोडा म्हणजे आक्रमक टोळी, हे समीकरण जुने आहे. पण लष्करी टोळी आपला जिवंत, शिकवलेला, महागडा घोडा जमिनीत पुरायला देईल का? दख्खनचे हवामान घोड्याच्या पैदाशीला फारसे मानवत नाही. बहामनी आणि विजयनगरच्या काळातही घोडे समुद्रापलीकडून आणावे लागत. त्याहून दोन हजार वर्षांपूर्वी नागपुरात घोडा बाळगणे ही हत्तीइतकी दुर्मीळ गोष्ट असणार. तो युद्धासाठी होता की मिरवणुकीसाठी, हे ठरवायला सजावट मदत करते. तोंडावर तांब्याचे पत्रे बांधून कोणी पळत्या शत्रूचा पाठलाग करत नाही. हा घोडा दाखवण्याचा होता आणि पुरण्याचा होता, असे मला वाटते.

आणि घोडाच काय, वर्तुळही सगळ्यांना मिळत नव्हते. जुनापाणीच्या सुमारे ३०० वर्तुळांचा साधा हिशेब करून पाहा. बांधकाम पाच-सहाशे वर्षे चालले असे धरले तर दोन वर्षांत एक वर्तुळ पडते. पन्नास माणसांच्या पाड्यातही वर्षाला एखादे-दुसरे मरण होतेच. एका वर्तुळात दोन-तीन माणसे पुरली असे मानले तरी सगळ्यांना वर्तुळ मिळाले असेल असे म्हणता येत नाही. ज्यांना मिळाले नाही ते कुठे गेले, त्यांना नदीत सोडले की जाळले, हे जमिनीत उरत नाही. म्हणून थडग्यातल्या वस्तू म्हणजे त्या काळच्या लोकांची सरासरी मिळकत, असे कधीच समजू नये. मोठे धोंडे ओढून आणण्यासाठी नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, कदाचित शेजारच्या गावालाही बोलवावे लागे. ती मेहनत जमवता येणे हीच खरी श्रीमंती होती. यू. एस. मूर्ती यांनी १९९४ च्या ग्रंथात दक्षिणेतल्या थडग्यांचा असाच सामाजिक आणि आर्थिक अंगाने विचार केला. हंपीजवळच्या कडेबकेलेत कार्ला सिनोपोली यांच्या पथकानेही थडग्यांइतकेच लक्ष वस्तीकडे दिले.

भाला कोणाच्या बाजूला

जगात इतरत्रही हीच पुनर्तपासणी चालू आहे, आणि त्यातून जे निघते ते आपल्यालाही उपयोगी आहे. इटलीत तारक्विनियाला २०१३ मध्ये रोमच्या आधीच्या एट्रुस्कन लोकांची एक न उघडलेली कबर मिळाली. एका चौथऱ्यावर भाल्यासह सांगाडा, दुसऱ्यावर दागिने आणि दहन केलेल्या अस्थी. उत्खनन करणाऱ्या अलेस्सांद्रो मांदोलेसी यांच्या पथकाने आधी जाहीर केले की भालेवाला राजपुत्र आणि दागिनेवाली त्याची पत्नी. हाडे तपासल्यावर उलटे निघाले. भाल्याजवळची व्यक्ती बाई होती आणि दागिन्यांजवळचा पुरुष. स्पेनमध्ये सेव्हिलजवळ २००८ मध्ये मिळालेल्या ताम्रयुगीन वैभवशाली थडग्यातल्या व्यक्तीला वर्षानुवर्षे 'हस्तिदंताचा पुरुष' म्हटले गेले. २०२३ मध्ये तिच्या दातांच्या इनॅमलमधल्या प्रथिनांवरून ती बाई असल्याचे कळले.

विदर्भात कट्यार असलेला सांगाडा पुरुषाचा आणि मण्यांची माळ असलेला बाईचा, हे आपणही किती सहज धरून चालतो. काळ्या मातीत हाडे फार खराब होतात आणि जुन्या डीएनएची आशा कमी असते. दाताचे इनॅमल मात्र टिकते. सेव्हिलला वापरलेली पद्धत नागपुरातही चालेल, जर दात जपून ठेवलेले असतील तर.

याच्या उलट टोकालाही घाई दिसते. तमिळनाडूच्या पुरातत्त्व विभागाने जानेवारी २०२५ मध्ये शिवगळैच्या दफनांतल्या नमुन्यांवरून दक्षिणेत लोखंड ख्रिस्तपूर्व ३३४५ इतके जुने असल्याचे जाहीर केले. तारखा तपासण्याजोग्या आहेत आणि अनेक प्रयोगशाळांतून त्या पुन्हा आल्या तर इतिहास बदलेल. पण थोड्या कोळशाच्या नमुन्यावरून सगळ्या भूखंडाला लोहयुगाचा मान द्यायचा, ही रोमच्या नाण्यावरून उलटा हिशेब करण्याइतकीच जोखीम आहे. कोळसा कुठल्या झाडाचा, ते झाड पुरताना किती जुने होते, तो लोखंडाबरोबरच पडला की आधीपासून मातीत होता, हे प्रश्न विचारायला हवेत.

टाकळघाट आज बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीला लागून आहे, आणि नागपूर काटोल रस्त्याने जुनापाणीकडे सरकते आहे. जुनापाणीची वर्तुळे पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित यादीत आहेत, बाकी अनेक ठिकाणची शेतांतली वर्तुळे नांगराखाली आणि खडी काढणाऱ्यांच्या हाती जातात. धोंडे हलले की वर्तुळाचा मध्य जातो, आणि मध्य गेला की खळग्यांची दिशा मोजता येत नाही.

घोड्याच्या प्रश्नाला मात्र उत्तर मिळण्याजोगे आहे. प्राणी लहानपणी ज्या जमिनीवरचा चारा खातो आणि पाणी पितो तिच्यातल्या स्ट्राँशियम या मूलद्रव्याची छाप त्याच्या दातांत राहते. दख्खनच्या बेसाल्टची छाप गंगेच्या गाळाच्या छापेहून बरीच निराळी आहे. माहुरझरीच्या किंवा खाप्याच्या घोड्याचा एक चांगला दात आणि तुलनेसाठी नागपूरच्या काळ्या मातीत वाढलेल्या चार ढोरांचे दात प्रयोगशाळेत गेले, की तो घोडा इथेच वाढला होता की कोणी त्याला विंध्य ओलांडून आणले होते, याचा बराचसा निवाडा होईल.